मालकाच्या जागी एक आकडा

मांडवीच्या वाचनालयात महरीन होडेकर अकरा वर्षं पुस्तकांची देवघेव बघते. शाळा बारावीपर्यंतच, संगणक शिकवला तो लवूकाका सुर्व्यांनी. लवूकाका निवृत्त वायरमन. बायको उमा हिची नजर गेली, तेव्हा त्यांनी भंगारात निघालेलं एक यंत्र उचलून आणलं, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातली आणि पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला. दर गुरुवारी उमा भिंतीला हात लावत यायची आणि ऐकत बसायची.

त्या यंत्रात प्रोग्राम आणून बसवणारा एक कारभारी असतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. त्याची स्वतःची कपाटं असतात, फोल्डर म्हणा. प्रत्येकावर मालकाचं नाव, आणि कोणी नुसतं बघायचं, कोणी आत हात घालायचा, ते लिहिलेलं. काकांनी तो आपल्या नावावर बसवला होता. वापरायला सगळ्यांना मोकळीक, पण बदल करायचा तो त्यांनीच.

श्रावणात काका गेले. महरीन त्यांच्याच खात्यात शिरून यंत्राचं हवं-नको बघू लागली. हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं. पण काकांचं नाव काढून तिथे आपलं घालायला तिचा हात धजेना. आज करू, उद्या करू म्हणता चार महिने गेले.

वाचनालयाचा चिटणीस अपूर्व भारी टापटिपीचा. वर्षअखेरीला त्याने मयत सभासदांची नावं वहीतून कमी केली आणि त्याच हाताने यंत्रातलं काकांचं खातंही काढून टाकलं. मनात वाईट काही नव्हतं. टापटिपीच्या माणसांच्या ते कधी नसतंच.

गुरुवारी उमा आली तर यंत्र मुकं. खात्याबरोबर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामची जुळणीही गेली होती. तो नव्याने बसवायला हवा होता. महरीनने कपाटं उघडून पाहिली. मालकाच्या जागी ओळीमागून ओळ एकच आकडा: १००१. यंत्र माणसाला आकड्यानेच ओळखतं, नाव आपल्या सोयीला. नाव गेलं, आकडा मागे राहिला.

तिने आपल्या खात्यातून प्रोग्राम बसवून पाहिला, परवानगी नाही. यंत्राचा सर्वाधिकारी म्हणून पाहिला. पण हा कारभारी सर्वाधिकाऱ्याच्या हाताखाली कामच करत नाही. अपूर्व ओशाळला होता. म्हणाला, सगळं सगळ्यांना खुलं करून टाक, लिहू दे कोणालाही.

"म्हणजे दारच काढून ठेवायचं?" महरीन म्हणाली. तसंच सोडावं तर तेही नाही. उद्या नवा कोणी नोंदवला की यंत्र हाच रिकामा आकडा त्याला देणार, आणि काकांचं सगळं न विचारता त्याचं होऊन बसणार.

उमा खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

"गो महरीन, आता कोणाचं म्हणतंय ते?"

"कोणाचंच नाय, काकी. नुसता आकडा आहे."

उमा म्हणाली, "तुझं लाव."

"काकांचं होतं, काकी."

"त्यांचा फोटो लावलाय घरी, हार घालून. तेवढं पुरे त्यांना. हे बेवारशी नको ठेवूस. आणि माझं पुस्तक अर्ध्यावर राहिलंय."

महरीनने सर्वाधिकारी म्हणून मालकी बदलायचा हुकूम टाइप केला. पाठवण्याआधी फोल्डरचा पत्ता दोनदा वाचला. एखादं अक्षर चुकलं तर सगळ्या यंत्राचीच मालकी तिच्याकडे वळली असती, आणि मग ते उभंच राहिलं नसतं. कारभाऱ्याची कपाटं तेवढी तिने आपल्या नावावर घेतली; इतरांना बघण्या-वापरण्याची मोकळीक होती तशीच ठेवली. आकडा गेला. ओळीमागून ओळ तिचं नाव उमटत गेलं, तशी तिने मान खाली घातली. अपूर्व उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

प्रोग्राम उतरायला पाऊण तास लागला. उमा घरी गेली नाही. यंत्र बोलू लागलं ते पहिल्या प्रकरणापासून. कुठवर ऐकून झालं होतं, ती खूण काकांच्या खात्यात होती. महरीनने विचारलं, कुठपर्यंत आला होतात, मी शोधून देते.

"राहू दे गो," उमा म्हणाली. "पहिल्यापासून वाचू दे."

रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून महरीनने दार लोटून घेतलं.