मायच्या गोष्टी चोरीला गेल्या तेव्हा

आमच्या फुलचूरच्या सायबर कॅफेवाल्या भैयानं अर्ध्या वस्तीला ईमेल काढून दिले होते. "दीदी, नंबर मेरा डाल देता हूं. पासवर्ड भूल जाओगी तो सीधे मेरे पास आना," असं तो म्हणायचा. आम्हीही म्हणायचो, बरं झालं बाबा, एक कटकट कमी. घराची किल्ली शेजारी ठेवून बाजाराला जावं, तितकं ते आम्हाला साधं वाटे. माझा ब्लॉगही त्यानंच काढून दिला.

मी शाळेत शिकवायची. रविवारी बाजार झाला की मायला घेऊन कॅफेत जायची. ती भाजीची थैली मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची आणि सांगायची, मी थेट ब्लॉगवर टाइप करायची. आधी कागदावर लिहिणं नाही, की कुठं प्रत ठेवणं नाही. कॅफे तासावर चालायचा. तास संपत आला की माय झपाझप बोलायची, "लिही वं लवकर, तो भैया घड्याळ पाहून राहिला!" धानाच्या रोवण्यातली भांडणं, दीक्षा घेतल्यावर तिच्या आजीनं घरातले देव नदीत सोडले ते, माझ्या बापानं लग्नात घातलेला उसना कोट, सगळं तिथं होतं.

पुढं मायला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, "हट!" चहा गोड झाला तरी हट, डॉक्टर आला तरी हट. कळायचं मात्र तिला सगळं.

तिला तिच्याच गोष्टी वाचून दाखवाव्या म्हणून एका दुपारी मी ब्लॉग उघडला, तर तिथं एक गोरी बाई वजन कमी करायच्या गोळ्या विकत होती! खालीवर सगळं इंग्रजी. मायची एकही गोष्ट नाही. माझा पासवर्ड चालेना. कॅफे केव्हाच बंद पडला होता, भैया रायपूरला निघून गेला होता. त्याचा जुना नंबर लावला तर भलत्याच माणसानं उचलला आणि "रॉंग नंबर" म्हणून फोन आपटला. पासवर्ड बदलायचा कोड त्याच नंबरावर जायचा. ज्याच्या हाती तो नंबर, त्याच्या हाती आमचं घर, हे मला तेव्हा कळलं.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. अस्सा संताप आला म्हणता! अरे, देव नदीत सोडणारी ती बाई काय त्या गोळ्यावालीची पणजी होती? शेवटी शाळेतल्या संगणकाच्या सरांनी सर्च इंजिनात राहून गेलेल्या जुन्या प्रती शोधायला शिकवलं. थोड्या गोष्टी हाती लागल्या, त्यातल्याही काही मध्येच तुटलेल्या. बाकीच्या गेल्या. ज्या तोंडानं त्या पुन्हा सांगायच्या, ते तोंडच बंद झालेलं. मी मायच्या खाटेशी बसून ढसाढसा रडले.

शेजारची मावशी दारात आली. "काऊन रडून राहिली वं? आमी आयकल्या नाई का त्या?"

खरंच की! पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचन आटोपलं की बायका म्हणायच्या, आता मायची गोष्ट होऊ दे, आणि मी मोबाइलवरून वाचायची.

त्या वर्षावासात बायका विहारातून थेट आमच्या घरी येऊ लागल्या. मायच्या खाटेभोवती बसून एकेक गोष्ट परत सांगायच्या, मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. चुकलं की माय ओरडे.

"कोट मामाचा होता."

"हट!"

"मंग पाटलाचा?"

"हट!"

"अवं, बँडवाल्याचा होता वं तो!"

माय गप्प. कोट बँडवाल्याचा ठरला. बायका खो खो हसल्या आणि मायही तोंड वाकडं करून हसली. माझा जीव भांड्यात पडला, कारण माय गप्प राहिली म्हणजे खरं, हे आता पक्कं झालं होतं.

शेवटी माझ्या जन्माची गोष्ट राहिली. ती मला पाठ होती. शेताच्या धुऱ्यावर कळा सुरू झाल्या, गाडीबैलानं घरी आणलं, बाप सुइणीला बोलवायला नागरा गावापर्यंत पळत गेला. मी कौतुकानं सांगितली. माय गप्प होती.

"आन पोरगी झाली म्हून दोन दिवस इनं तोंड नाई पाह्यलं ना तिचं," मावशी सहज बोलून गेली. "मीच पाजलं."

हे मायनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. म्हण, मनात म्हटलं, म्हण ना वं हट.

माय काही बोलली नाही.

बायका उगाच कपबशा आवरायला लागल्या. मला भयंकर राग आला, मायचा, मावशीचा, त्या ब्लॉग चोरणाऱ्याचाही. मी लॅपटॉप मिटायला गेले, तर मायनं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

"हट!"

मी तो पुन्हा उघडला. मावशीनं सांगितलं तसं एका हातानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं. वेळ लागला. संपेस्तोवर मायनं मनगट सोडलं नाही, आणि माझ्या तोंडावरची नजरही काढली नाही.