रक्तातलं

चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्याशेजारी बसायचा आणि काळेवाडीपासून गेटपर्यंत अखंड बोलायचा. गप्प राहायची त्याला भीती वाटे. त्याचे वडील हळूहळू गप्प होत गेले आणि एक दिवस त्यांनी जीव दिला. आजोबांचंही तेच झालेलं. "आमच्या रक्तातच हाय राव," तो म्हणायचा. घरचे याला शाप म्हणत. त्याला ते पटत नसे, पण भगतानं दिलेला ताईत त्यानं गळ्यातून कधी काढला नाही.

परवा तो म्हणाला, "पोरगी जेवत न्हाई, कुणाशी बोलत न्हाई. आई म्हणते, भगताकडं ने."

"डॉक्टरकडे ने."

"नेतोय. पण आधी मी स्वतःला दाखवणार, तिच्यासमोर. मलाबी जगावंसं वाटत न्हाई, हे आमच्यात कुणी कुणाला सांगितलंच न्हाई." त्यानं गळ्यातला ताईत चाचपला. "जाईल का रे हे? तू येशील संगं?"

मी गेलो. दवाखान्याच्या पायरीवर तो अडला. पुढे पाऊलच टाकेना.

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. "पप्पा, तुम्हालापण असं होतं?"

"व्हय," तो म्हणाला.

तिनं त्याचा हात धरला आणि त्याला आत नेलं.