तिसरी सूचना

माझ्या थोरल्या बहिणीबद्दल आमच्या चर्चच्या मंडळीत आजही सांगतात, की देवानं तिला थांबवलं आणि ती कुरकुर न करता थांबली. लहान मुलांच्या वर्गातसुद्धा तिचा दाखला देतात. त्यातला पहिला भाग खोटा आहे. तो मी रचला. हे लिहायला मला फार वर्षं लागली.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत सूचना वाचतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असेल तर कळवावं. अर्पण गोळा झालं की चिटणीस उभा राहून वाचतो. साठच्या दशकात सदर बाजाराजवळच्या आमच्या चर्चमध्ये चिटणीस मी होतो. ताईचं लग्न सावनेरच्या एका कारकुनाशी ठरलं होतं. कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात होता, बोलायला कमी, पण माणूस चांगला. दोन सूचना मीच वाचल्या.

वडील आधीच वारले होते. आई अर्धांगवायूनं खाटेवर. तिला कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं ताई करायची. त्याच उन्हाळ्यात माझंही लग्न ठरलं होतं, भिवापूरच्या मुलीशी. नवी नवरी येताच खाटेवरच्या सासूचं करायला बसेल का, या विचारानं मला घाम फुटायचा. तिसऱ्या रविवारी मी बाकी सगळ्या सूचना वाचल्या आणि ताईची गाळली. ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आज काहून नाही वाचलं गा?"

"सावनेरहून चिठ्ठी आली. थोडे दिवस थांबा म्हणतात."

"किती दिवस?"

"ते देवालेच ठाऊक."

चिठ्ठी आलीच नव्हती. उलट मीच त्या रात्री सावनेरला लिहिलं, की आईमुळे ताईच थांबा म्हणते. लग्नाआधी मुलीनं परस्पर पत्र लिहिणं तेव्हा बरं दिसत नसे, त्यामुळे खोटं दोन्हीकडे टिकलं. मंडळीत कुणी विचारलं, की देवानंच तिला थांबवलं, असं मी सांगायचो. माझ्या लग्नाच्या तिन्ही सूचना मात्र नीट वाचल्या गेल्या.

पहिलं वर्ष ताई दर रविवारी सूचनांच्या वेळी गीतांचं पुस्तक घट्ट धरून बसायची. शेजारची मावशी चिडवायची, "काय वं, नवरदेव सावनेरहून पायी निघाला काय?"

"पायी निघाला असंल तरी पोहोचंल, मावशी," ताई म्हणायची आणि मिरच्यांची देठं खुडत राहायची.

मग कधीतरी तिच्यात फरक पडला. सूचना सुरू झाल्या की ती शांतपणे पुढचं गीत काढून ठेवू लागली. पहाटे आईला उठवण्याआधी ती खाटेच्या पायथ्याशी गुडघे टेकायची. मी एकदा विचारलं, काय मागतेस. म्हणाली, "पहिले तारीख मांगत होती. आता नाही मांगत. आजचा दिवस देते तो, तेवढा पुरते मले." हे ऐकून मला हलकं वाटलं होतं, त्याची लाज आज वाटते.

आई सात वर्षांनी गेली. मी सावनेरला चौकशी केली, तेव्हा कळलं, त्यानं चार वर्षं वाट पाहून लग्न केलं होतं. ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. एकटा किती दिवस हातानं रांधणार होता?" आणि आईचं अंथरूण उन्हात टाकायला गेली.

ऐंशीच्या दशकात तिला पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा एका दुपारी मी तिच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. ती छताकडे पाहत होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तो आला होता दुसऱ्या वर्षी. तू ऑफिसात होता. दारात उभा राहून म्हणे, तुम्हीच थांबा म्हटलं ना. मी हो म्हटलं."

"काहून, ताई?"

"आई आत पडली होती. तुझी बायको पोटुशी. तुझं खोटं मीच खरं करून टाकलं."

"मग मले एकदाही बोलली नाहीस?"

"विचारलं असतं, तर तू आणखी एक खोटं बोलला असता." मग म्हणाली, "त्याची वाट मी कधीच सोडली होती, भाऊ. तुझी पाहून राहिली होती. तू कवा बोलतो म्हणून."

मी रडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. पाणी मागितलं. पिऊन म्हणाली, "माफ तं तुले तवाच केलं. पण देवाचं नाव काहून घेतलं गा? तेवढं मंडळीत सांगून टाक."

मी हो म्हटलं. तीन आठवड्यांनी ती गेली. अंत्यविधीत चर्चचे पाळक म्हणाले, देवानं या बहिणीला थांबवलं आणि तिनं आनंदानं मान्य केलं. मीही उभा राहून सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हटलं.

ती समाधानी होती का, असं कुणी विचारलं तर होती, हे मी शपथेवर सांगेन. एका घरात राहून रोज पाहिलं आहे. तो धीर तिला प्रभूनं दिला. पण तिला थांबवलं मी, आणि तिच्या समाधानाकडे बोट दाखवून मला सुटता येणार नाही. हा कागद मी पाळकांच्या हातात देणार आहे. मुलांच्या वर्गात तिचा दाखला जरूर द्यावा, भावासकट द्यावा.