सात घरांच्या गावातली लिफ्ट

उल्का बेहेरेला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. सिंगापुरातल्या बिशान भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हलवण्यासारखं जे जे होतं ते सगळं तिने एकेका भिंतीला लावून पाहिलं होतं. निशिकांत, तिचा नवरा, तांजोंग पगारच्या बँकेतून घरी आला की बूट काढता काढता विचारायचा, "आज सोफ्याची बदली कुठे?" आतून नऊ वर्षांची गार्गी इथल्या शाळेतल्या वळणाने ओरडायची, "खिडकीजवळ, बाबा! टीव्ही दिसतच नाही. हाउ कॅन लाह!"

सांगलीच्या कॉलेजात उल्का भूगोल शिकवत होती. निशिकांतला सिंगापूर मिळालं, तशी ती नोकरी सोडून मागोमाग आली. इथे राहायच्या पासाचं जे कार्ड तिला मिळालं त्यावर तिच्या नावाबरोबर छापलेलं होतं, 'डिपेंडंट'. अवलंबून असलेली. कार्ड कुणाला दाखवायची वेळ आली की ती अंगठा बरोबर त्या शब्दावर ठेवायची. निशिकांतने ते पाहिलं होतं, पण तो त्यावरून कधी चेष्टा करायचा नाही.

म्हणून २००४ साली चांगी बिझनेस पार्कमधल्या एका छोट्या नकाशा-कंपनीने तिला तात्पुरतं घेतलं, तेव्हा घरातल्या फर्निचरने सुटकेचा श्वास सोडला. काम होतं अमेरिकेतल्या प्रेअरीचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायचं. एकाच भागाचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक नकाशा, मग पन्नास-साठ वर्षांनंतरचा दुसरा. त्यांच्यातला रस्ता, घर, शाळा, चर्च, विहीर, सगळं माउसने गिरवायचं आणि प्रत्येकाला ठरलेला कोड द्यायचा. सहा महिने बरे गेले तर कायम करू, असं मिस लिम म्हणाली होती. ती तिथली प्रमुख, बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. कायम झालं की कंपनी पासासाठी अर्ज करणार होती. उल्काच्या स्वतःच्या नावाचा, कामाचा पास.

सह्याद्रीचे नकाशे वाचलेल्या डोळ्यांना ही प्रेअरी म्हणजे आलेखाचा कागद वाटली. मैलामैलावर सरळ रस्ते, उभे आणि आडवे. उंची दाखवणारी एखादी तपकिरी रेघ सबंध पानभर कंटाळल्यासारखी भटकायची. पण महिनाभरात उल्काला त्या पानांची चटक लागली. जुन्या नकाशातली शाळा नव्यात नसायची. कुठे चर्च जायचं आणि दफनभूमी मागे उरायची. ती टीमच्या पुढे पळायला लागली. बाकीचे अडले की तिला विचारायला लागले.

असंच एकदा एका गावात, रेल्वेच्या रुळाला लागून, काळ्या चौकोनाशेजारी शब्द दिसला, 'एलिव्हेटर'. कोडच्या यादीत तो नव्हता.

"संजीव, इकडे ये. लिफ्ट बघ!" संजीव पुण्याचा, कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. तो खुर्चीसकट घरंगळत आला.

"तीस घरांचं गाव आणि लिफ्ट? उल्काताई, अमेरिका आहे ती."

"आणि आमच्या बिल्डिंगची सातव्या मजल्यावर थांबत नाही! सहाव्यावर उतरून जिना चढते मी रोज, भाजी घेऊन."

दोघं पोट धरून हसली. लिफ्ट आहे म्हणजे इमारत उंच असणार, असं म्हणून उल्काने 'उंच इमारत' हा कोड ठोकला. पुढे प्रत्येकाला तेच सांगितलं. तिने सांगितलं म्हणजे बरोबरच, असं धरून सगळ्यांनी तसंच केलं. प्रेअरीच्या गवतात उंच इमारती भराभर उगवल्या.

सहा महिने संपायला आठवडा उरला होता. नकाशांचा पहिला मोठा हप्ता बुधवारी क्लायंटला जायचा होता. शुक्रवारी दुपारी मार्लो नावाच्या गावाची दोन्ही पानं उल्कासमोर एकदम उघडली. जुन्या पानावर स्टेशन, शाळा, चर्च, पुष्कळ घरं आणि एक एलिव्हेटर. नव्यावर शाळा नाही, चर्च नाही, उरली जेमतेम सात घरं. आणि एलिव्हेटर दोन.

माणसं गेली आणि लिफ्ट वाढली?

तिने पान मोठं केलं, लहान केलं. दोन्ही चौकोनांना रुळाचा एकेक फाटा मुद्दाम वाकून भेटत होता. लिफ्टला रेल्वे कशाला? तिने आधीची पानं उघडली. कोर्टाच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हॉटेलाला नव्हती. जिथे तिथे रुळाशेजारी. परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसायला जागा होती, तरी ती दाराशी उभीच राहिली. शनिवारी तिने कपाट हलवलं.

रविवारी सकाळी पोहे खाता खाता निशिकांतने विचारलं, "झालंय काय तुला? परीक्षा असल्यासारखी फिरतेस."

"प्रेअरीत एक गोष्ट लागत नाहीये मला."

"प्रेअरी? अगं, ती तर मला पाठ आहे." त्याने चमचा छडीसारखा धरला आणि सातवीतल्या मुलाच्या सुरात घडाघडा सुरू झाला. "उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशास प्रेअरी म्हणतात. या प्रदेशास जगाचे गव्हाचे कोठार असे म्हणतात. दोन मार्क."

"काय म्हणालास?"

"दोन मार्क."

"त्याच्या आधी!"

"गव्हाचे कोठार. का गं?"

उल्का उभी राहिली, ती पोह्यांची बशी हातात घेऊनच. गहू वर चढवायचा, उंच कोठारात साठवायचा, तिथून खाली रेल्वेच्या डब्यात सोडायचा. चढणारी माणसं नव्हतीच. हे वाक्य तिने स्वतः पाठ केलं होतं, कॉलेजात पोरांना सांगितलं होतं, आणि ते कोठार समोर काळ्या शाईत उभं होतं तर तिने त्यात लिफ्ट घातली. घरच्या कॉम्प्युटरवर शोधायला पाच मिनिटं पुरली. इतके दिवस शोधलं नव्हतं, कारण शंकाच आली नव्हती. पडद्यावर पांढरंशुभ्र, खिडक्या नसलेलं धान्याचं कोठार आलं, खाली नाव 'ग्रेन एलिव्हेटर'.

"आई, सो अग्ली," गार्गी म्हणाली.

सोमवारी तिने आधी संजीवला गाठलं. तो डोकं खाजवत राहिला.

"सगळ्यांच्या पानांत आहे गं हे. बुधवारपर्यंत होणार नाही."

"म्हणूनच सांगायला हवं."

"ताई, ऐक माझं. या आठवड्यात तुझं कन्फर्मेशन आहे. हप्ता जाऊ दे, कागद हातात पडू दे. मग हळूच दुरुस्ती पाठवू. क्लायंटला काय कळतंय?"

त्याचं बोलणं वाईट नव्हतं. म्हणूनच उल्काला ते सोसेना. ती पाण्याच्या मशीनपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दोन दिवस गप्प बसलं की स्वतःचा पास, बोललं की कदाचित काहीच नाही. पण त्या ओसरत्या गावात जे ताठ उभं उरलं होतं, त्यालाच आपण खोटं नाव दिलं, आणि ते नाव आपणच सगळ्यांच्या हातात देत फिरलो. तिसऱ्यांदा मशीनकडे जाता जाता ती वळली आणि मिस लिमच्या खोलीत शिरली.

मिस लिमने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लिफ्ट, असं कुणी सांगितलं?"

"मी."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

मिस लिमने पेन खाली ठेवलं. "आणि सगळ्यांनी ऐकलं. कुणी विचारलं नाही?"

"मीही नाही विचारलं."

"कन्फर्मेशन आता नाही," मिस लिम म्हणाली. "मी क्लायंटला फोन करते. आधी हे साफ कर."

खोलीबाहेर संजीव उभा होता. तिचा चेहरा पाहून तो आपल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला, एलिव्हेटरची पानं शोधायला. पुढचे दोन शनिवार सगळ्या टीमला यावं लागलं. उल्का एकेकाच्या टेबलाशी उभी राहून पानं पुन्हा उघडायला लावत होती आणि टोमणे खात होती. "आज शाळेला काय म्हणायचं, मॅडम? विमानतळ?" ती हसायची, पण रुळाशेजारचा एकही चौकोन सोडायची नाही. घरी निशिकांत म्हणाला, "आपण नंतर बघू तुझ्या पासाचं." त्यातला 'आपण' तिला त्या दिवशी टोचला. ती गॅलरीतल्या कुंड्या इकडच्या तिकडे करत राहिली.

हप्ता उशिरा गेला. क्लायंटचं उत्तर आलं ते दोनच ओळींचं. दुरुस्ती मिळाली, आभार. कौतुक नाही, तक्रार नाही. तात्पुरती मुदत आणखी दोन महिने वाढली, आणि तीही सरत आली. कन्फर्मेशनचं नाव कुणी काढत नव्हतं. विचारावं तर हिंमत नाही, न विचारावं तर चैन नाही, असे तिचे दिवस चालले होते.

एका दुपारी मिस लिमने तिला बोलावलं. टेबलावर नव्या नकाशांचा गठ्ठा होता, या वेळी कॅनडाच्या प्रेअरीचे. उल्काचे डोळे आपोआप वरच्या पानावर गेले. एका तळ्याला तुटक रेषेची कड होती. तळं आटतं म्हणून, की कुणाला नक्की ठाऊक नाही म्हणून?

"नवे सहाजण येतायत," मिस लिम म्हणाली. "अडले की तुलाच विचारणार. त्यांना उत्तर देण्याआधी तू मला विचारायचं. जमेल?"

"जमेल."

"मग पासपोर्टची कॉपी आण. पासचा अर्ज या आठवड्यात भरायचाय."

उल्काने मान हलवली. जायला वळली, दारापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली.

"मिस लिम, हे वरचं पान. ही तुटक कड..."

"आधी पासपोर्ट, लाह!"

"हो, आणते. पण यादीत या कडेचा कोड आहे का?"

मिस लिमने उसासा टाकला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पान स्वतःकडे ओढलं. "कुठे? दाखव."