सागवानी फोन

फर्मा मिस्त्रीला फर्मा हे नाव आईबापाने ठेवलेलं नव्हतं, गल्लीने ठेवलं होतं. कपाट असो की पाळणा, आधी फळकुटाचा फर्मा, म्हणजे कच्चा नमुना, करायचा, तो जागेवर उभा करून चारी बाजूंनी बघायचा आणि मगच खऱ्या लाकडाला करवत लावायची, ही त्याची खोड. लग्नाआधी बायकोचाही फर्मा करून बघितला असता, पण सासऱ्याने तेवढी सवड दिली नाही, असं तो स्वतःच सांगत सुटायचा. बायको म्हणायची, "बरं झालं. मी फर्म्यात बसणारी नव्हेच."

ही खोड त्याने उचलली थोरल्या भावाकडून. थोरला जन्माचा बहिरा, म्हणून बोलणंही नाही. पण गप्प बसणाऱ्यातला नव्हे! दोघा भावांनी उभी हयात एकाच बाकावर रंधा मारला आणि त्या भुशातच दोघांची हातांची बोली वाढली. कुठल्या शाळेतली नव्हे, घरची. कानाची पाळी ओढली की धाकटा, कारण त्याच्या कानावर कायम पेन्सिल. नाक चिमटीत धरलं की गिऱ्हाईक चिकट आहे. कापायच्या मशीनने टाहो फोडला की शेजारचे कारागीर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे, आणि हे दोघे मात्र निवांत कुणाची तरी निंदा करत असायचे.

पुढे थोरल्याचे गुडघे बोलायला लागले आणि मुलगी त्याला आपल्याकडे दुसऱ्या गावी घेऊन गेली. मग राहिला फोन. धाकट्याचा फोन म्हणजे काडेपेटीचा थोरला भाऊ. त्यात थोरल्याची बोटं दिसायची ती जिऱ्याच्या दाण्यांएवढी.

त्यात एकदा घोटाळा झाला. थोरल्याने तळहातावरून दुसरा हात सर्रकन पुढे नेला. मूठ वळून हात नेला तर तो रंधा, आणि पंजा उघडा ठेवून नेला तर घसरणं. आता जिऱ्याच्या दाण्यात मूठ कुठली आणि पंजा कुठला? धाकट्याला वाटलं, म्हाताऱ्याने पुन्हा रंधा हातात घेतला! त्याने खूश होऊन अंगठा दाखवला, वर टाळ्याही वाजवल्या. तिकडे थोरला न्हाणीघरात आपटून पाय सुजवून बसला होता.

तेव्हापासून थोरला फोनसमोर येईना. पुतणी सांगायची, "काका, बाबा तोंड फिरवून बसतात. भिंतीशी बोललो तर भिंत निदान टाळ्या तरी वाजवत नाही, म्हणतात."

हे मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं. जेवताना तो म्हणाला, "मोठ्या काचेचा फोन घ्यायचा."

"घ्या की," बायको म्हणाली.

"असा कसा घ्यायचा? आधी फर्मा."

दुसऱ्या दिवशी तो काटकोन बघायचा गुण्या आणि टेप घेऊन फोनच्या दुकानात हजर. काउंटरवरच्या बाईने सगळ्यात मोठा फोन पुढे ठेवला, तर याने त्याची लांबी, रुंदी, जाडी मापली, कोपऱ्यांची गोलाई अंगठ्याने चाचपली.

"काका, याला कपाट करायचंय का?"

"नाही ताई, याचा जुळा भाऊ करायचाय."

घरी येऊन त्याने सागाच्या तुकड्यातून फोन काढला. वजन भरेना, म्हणून पोटात भोक पाडून खिळे कोंबले, वर बूच मारलं, पॉलिश केलं. आणि मग आठवडाभर तो सागवानी फोन घेऊन हिंडला. शर्टाच्या खिशात ठेवला तर चार बोटं वर डोकावायचा. वाकलं की धपकन भुशात. पँटच्या खिशात ठेवून बसलं की मांडीत कळ. मग त्याने शर्टाचा खिसा बायकोकडून खोल करून घेतला, तेव्हा कुठे स्वारी बसली. रात्री आडवा पडून तो फळी तोंडापुढे धरायचा, हात भरून येतो का बघायला. एकदा ती नाकावर पडली.

"आज लाकडाशी बोलताय," बायको म्हणाली. "उद्या स्टुलाशी भांडाल, आणि परवा मला सोडवायला बोलवाल."

शेजारच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "नवा फोन? कुठल्या कंपनीचा?"

"घरच्या."

"बॅटरी?"

"संपतच नाही!"

फर्मा पास झाला. मिस्त्रीने पुतणीला सांगून ठेवलं, उद्या सकाळी फोनच्या दुकानातून फोन लावतो, बाबांना समोर बसव. उलट निरोप आला, "बाबा म्हणतात, हे शेवटचं. या वेळी जर नीट जमलं नाही, तर पुन्हा मला बोलवायचं नाही."

सकाळी मिस्त्री आणि बायको दुकानात. दाढी घोटलेली, धुतलेला शर्ट, खिशात सागाची फळी. काउंटरवरच्या बाईने फोन चालू केला, नंबर लावला आणि काचेवर थोरला उगवला. काय उगवला! मिशीतला पांढरा केस न् केस मोजून घ्यावा. अंगठ्यावरचा पटाशीचा जुना व्रण दिसला, नखातली घाण दिसली.

थोरल्याने बोटं हलवली. 'दिसतोय का मी?'

मिस्त्रीचा चेहरा फुलला. सगळं लख्ख दिसत होतं! उत्तर द्यायला त्याने हात उचलला, आणि तिथेच गाडं अडलं. फोन पडला दोन हातांनी धरायचा. एक हात सोडला की हे धूड डुगडुगायला लागायचं. एका हाताने तो अर्धंच बोलू शकत होता. भाऊ म्हणायला दोन हात, घर म्हणायला दोन हात, चूक झाली म्हणायला तर चांगले तीन पाहिजेत. त्याने फोन हनुवटीखाली दाबून बघितला, तेव्हा थोरल्याला मानेची घाटी दिसली. गुडघ्यात धरून बघितला, तेव्हा छताचा पंखा दिसला.

आठवडाभर फळी खिशात घातली, उशाशी घेतली, नाकावर पाडून घेतली; पण तिच्याशी दोन हातांनी बोलून कधी बघितलं नव्हतं. मापं सगळी घेतली, कामच विसरला.

"द्या इकडे," म्हणत बायकोने फोन हिसकला आणि त्याच्यापुढे धरून उभी राहिली.

आता बोलणं सुरू झालं. थोरल्याने विचारलं, 'घरी कसं काय?' मिस्त्रीने सवयीने दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान ताठ केली आणि डोळे वटारले.

"हे कोण?" फोनमागून बायकोने विचारलं.

"कोण?"

"हे कमरेवर हात ठेवून डोळे वटारलेलं."

"ते... घरमालक."

"आपलं घर स्वतःचं आहे!"

काउंटरवरची बाई तोंडाला रुमाल लावून वळली. बायकोला राग यायचा तो हसूच आलं आणि तिच्या हसण्याबरोबर फोन असा गदगदला, की तिकडे थोरल्याला भूकंप वाटला असावा. त्याने कंटाळून हात खाली टाकले.

"मला रोज असं खांबासारखं उभं राहणं जमायचं नाही हं," बायको म्हणाली. "आणि वर माझीच नक्कल बघायची!"

मिस्त्रीचं तोंड उतरलं. "राहू द्या ताई," तो काउंटरकडे बघून म्हणाला. "चूक माझ्या फर्म्यात होती."

तो फोन परत देणार, इतक्यात बायको म्हणाली, "थांबा, भाऊजी काहीतरी म्हणतायत."

काचेत थोरला जोरजोरात स्वतःच्या कानाची पाळी ओढत होता. धाकट्या, ए धाकट्या! मग त्याने छातीवर, खिशाच्या जागी बोट आपटलं. मिस्त्रीने खाली बघितलं. खिशातून सागाच्या फळीचं टोक डोकावत होतं. थोरल्याने एक पंजा उभा धरला, दुसऱ्या हाताची फळी करून त्याला मागून तिरका टेकू दिला. मग हात लांब करून आपला फोन फिरवला. त्याच्या फोनच्या पाठीशी साखरेची बरणी उभी होती.

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. फळी काढून काउंटरवर लांब कडेवर उभी केली, फोनचं बूड दुकानातल्या चिकटपट्टीच्या जड रोलला अडवलं, पाठ फळीवर रेलवली. फोन राहिला उभा.

त्याने हात सोडले. दोन्ही.

मग जे सुरू झालं ते थांबेना. काउंटरवर एक गिऱ्हाईक चार्जर मागत उभं होतं, तेही मागायचं विसरून बघत राहिलं.

"काय म्हणतायत हो ते?" बाईने हळूच विचारलं.

"शिव्या देतोय," मिस्त्री म्हणाला. त्याचं तोंड कानापर्यंत फाटलं होतं. "फळीचे कोपरे बोथट घासलेत म्हणतोय. इतक्या लांबून दिसलं त्याला!"

मग थोरल्याने पाय वर करून घोटा दाखवला. सूज उतरली होती, हिरवट डाग राहिला होता. आणि खुळ्याला शिकवावं तसं, अगदी सावकाश, पंजा चांगला फाकवून त्याने तळहातावरून हात सरकवला. घसरणं. मिस्त्रीने अंगठा दाखवला नाही. दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले.

थोरल्याने हात उडवले. 'नाव काय सांगतोस तुझं? तेही दोनदा? ठाऊक आहे मला!'

फोन घेतला. बाईने तो डब्यात घालून दिला. मिस्त्रीने डबा बायकोच्या पिशवीत टाकला आणि फळी मात्र पुसून पुन्हा आपल्या खिशात ठेवली. घरी गेल्या गेल्या त्याने तिच्यात फोन उभा राहील अशी खाच पाडायला घेतली.

"आता तरी खरा फोन खिशात ठेवा," बायको म्हणाली.

"त्याला जागा कुठाय? आणि हे बघ, अजून एक फळी काढायचीय, दादासाठी. पुतणीला साखर लागली की बरणी उचलते म्हणे, आणि म्हाताऱ्याचा फोन बोलता बोलता उताणा पडतो."

"मग काढा की सागाचा तुकडा."

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली. "असा कसा काढायचा?" तो म्हणाला. "आधी फर्मा."