मावशीच्या डोक्यावरचा कावळा

माझी ‘कावळा’ ही कविता आजवर एकाही संमेलनात पडलेली नाही. दुष्काळाच्या साली कडा गावाजवळच्या चारा छावणीतून मावशी वारल्याचा फोन आला. आम्ही सगळे रडत पोचलो, तर मावशी गाईपुढे ऊस टाकत उभी! डोक्यावर कावळा बसला की मरण ओढवतं, आणि खोटी बातमी धाडून नातेवाइकांना रडवलं की ते टळतं, ही आमच्याकडची समजूत. यावर कविता केली नसती तर मी कवी कसला? कड्याच्या दूध सोसायटीने कविसंमेलनाला बोलावल्यावर मी एका पायावर तयार झालो.

पुण्याहून पहाटेच निघा आणि नगरला एसटी बदला. पाण्याच्या दोन बाटल्या हव्यातच, ऊन फार लागतं. कड्याला उतरून खरबूज घेतलं. “मावशीकडं चाललात? मग दोन घ्या,” म्हणत ओळखीच्या फळवाल्या चाचांनी दुसरं पिशवीत टाकलंसुद्धा. मावशीचं गाव तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर.

मावशीने वाढली बाजरीची भाकरी आणि येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, घातलेली आमटी. या आमटीसाठी एवढा प्रवास करायला माझी हरकत नाही.

“संध्याकाळी काय म्हणणार हायस?” मावशीने विचारलं. मी जेवता जेवताच ठणकावून कविता म्हटली. शेवट असा:

शहाणे रडले, कावळा हसला,
मावशीचा मेंदू खाऊन बसला.

मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ताटात आणखी भाकरी वाढत म्हणाली, “कावळा बसलाच न्हवता.”

“म्हणजे?”

“पाच महिने छावणीत हुते. पोरं ऊसतोडीला गेलती, तुझे काका आदल्या सालीच वारले हुते. गाईसंगं बोलून बोलून कटाळले. नुसतं या म्हणले असते, तर कोण आलं असतं?”

त्या साली मीच तिला दोनदा ‘सुट्टी नाही’ म्हणालो होतो. फार लाज वाटली.

“सोयऱ्यांना सांगू नको,” ती म्हणाली. “कावळ्यापायी माफ केलंय त्यांनी.”

संध्याकाळी सोसायटीचं सभागृह भरलं होतं. मावशी दुसऱ्या रांगेत. मी शेवटच्या दोन ओळी गाळून कागद मिटला, तर तीच ओरडली, “पुढचं ऱ्हायलं की! म्हण!” म्हणावं लागलं. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच. आणि मला माझीच कविता पहिल्यांदा आवडली नाही.

हे लिहायला तिची परवानगी आहे. “आपल्या सोयऱ्यांत कोण वाचतंय ते ब्लॉग-बिग?” असं तिचं म्हणणं.

पुण्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“परत कवा येतूस?”

“बघतो मावशे, सुट्टी...”

“कावळा बसवू का डोक्यावर?”

शनिवारचं तिकीट काढलंय.