रस्त्यावरचा आकडा

गाड्यांच्या कारखान्यात तिला सगळे धूरमावशी म्हणत. बावीस वर्षं ती धूर तपासायच्या खोलीत होती. गाडी रोलरवर चढवायची, जागच्या जागी पळवायची आणि नळीतून येणाऱ्या धुरात किती विष आहे ते यंत्रावर वाचायचं. तिच्या सहीशिवाय नवी गाडी बाजारात जात नसे.

एरवी डिझेल गाड्या दोन-तीनदा अडायच्या; त्या वर्षीची पहिल्याच फटक्यात पास झाली, आणि मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिने यंत्र डिकीत बांधलं आणि मेकॅनिकला घेऊन शहराबाहेरच्या चढावर गाडी नेली. आकडा खोलीतल्यापेक्षा चौपट आला. तीनदा मोजलं, तरी चौपटच.

साहेब म्हणाले, "मावशी, कायदा खोलीतला आकडा मागतो. रस्त्यावरचा कोणी विचारलाय?"

"श्वास तर लोक रस्त्यावरच घेतात ना, साहेब?"

"सही करा आणि विषय संपवा."

तिने पेन टेबलावर ठेवलं. सही दुसऱ्याने केली, आणि मावशीची रवानगी स्टोअरमध्ये झाली.

"आता नटबोल्ट धूर सोडतात का ते बघते," ती नवऱ्याला म्हणाली. तो हसला. तिला हसू आलं नाही.

चार वर्षं तिने खोकी उचलली. गुडघे गेले. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसेना. ती गाडी मात्र जिकडे तिकडे दिसायची. पुढे दिसली की मावशी बसची खिडकी लावून घ्यायची.

मग नियम बदलला. रस्त्यावरही मोजायचं ठरलं. साहेब स्वतः स्टोअरमध्ये आले.

"चला मावशी. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

"आधी विकलेल्या गाड्यांचं काय?"

साहेबांनी नव्या नियमाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"त्या परत बोलवून दुरुस्त करा, मग येते."

साहेबांनी वर विचारायला तीन आठवडे घेतले. शेवटी होकार आला. पुढचे आठ महिने मावशी दुरुस्त केलेल्या गाड्या घेऊन रोज त्याच चढावर जात होती. चौपटीचा आकडा दीडपटीवर आला, त्याखाली काही उतरेना. तिने अहवालात लिहिलं, 'अजून पुरेसं नाही', आणि सही केली. त्याच महिन्यात ती निवृत्त झाली.

लेकीचा फोन आला. "आई, जिंकलीस की गं!"

"जिंकले कसली, दमले," मावशी म्हणाली. "जरा पडू दे आता."